पोर्ट उघडूनहि बाहेरून कॅमेरा कां दिसत नाहीं?

सांप्रत पुष्कळ शेतकरी बंधूंनीं आपल्या वस्तीवर, गोठ्यांत अगर विहिरीवरील मोटारीपाशीं कॅमेरे बसविले आहेत. घरीं बसून मोबाइलवर चित्र उत्तम दिसतें. परंतु बाजारास किंवा परगांवीं गेल्यावर तेंच चित्र पाहूं गेल्यास कांहींच दिसत नाहीं. बसविणारा कारागीर ‘राउटरमध्यें पोर्ट उघडून दिलें आहे’ असें सांगून गेलेला असतो. मग कोणी राउटर बदलतो, कोणी कॅमेरा बदलतो, आणि पैसा खर्च होऊनहि दोष जागच्या जागीं राहतो. म्हणून हा दोष कोठें असूं शकतो व तो क्रमानें कसा शोधावा, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम पोर्ट उघडणें म्हणजे काय तें समजून घेऊं. घरांतील प्रत्येक यंत्रास राउटर एक अंतर्गत पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. हा पत्ता घरापुरताच असतो. बाहेरच्या जगास साऱ्या घराचा मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिसतो. घरांतून एखादी मागणी बाहेर गेली म्हणजे कचेरींत जावक बारनिशी ठेवतात त्याप्रमाणें राउटर तिची नोंद करितो, आणि उत्तर आलें कीं ती नोंद पाहून तें ज्याचें त्यास पोंचवितो. परंतु बाहेरून आपण होऊन आलेल्या मागणीची अशी नोंद नसते. ती कोणाकडे द्यावी हें न कळल्यामुळें राउटर ती टाकून देतो. याकरितां ‘अमुक क्रमांकाच्या पोर्टवर येईल तें अमुक अंतर्गत पत्त्याकडे पाठवावें’ असा कायमचा हुकूम राउटरमध्यें लिहून ठेवावा लागतो. यासच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. पोर्टचे क्रमांक १ पासून ६५५३५ पर्यंत असतात.

शेवटच्या वाफ्यास पाणी पोंचत नसेल तर जाणता शेतकरी पाटाच्या कांठानें चालत जाऊन पाणी कोठवर आलें तें पाहतो. येथेंहि तीच रीत. मात्र शेवटच्या वाफ्यापासून, म्हणजे यंत्रापासून, उलट चालत यावें.

पहिली तपासणी यंत्राची. मोबाइल घरच्याच वायफायवर ठेवून अंतर्गत पत्त्यानें चित्र उघडतें कीं नाहीं तें पाहावें. येथेंच न उघडल्यास दोष कॅमेऱ्याचा अगर डीव्हीआरचा आहे. राउटरला तूर्त हात लावूं नये. यंत्र म्हणजे संगणक असेल, तर त्याची स्वतःची फायरवॉल घरच्या मागणीस वाट देऊन बाहेरची अडविते, असेंहि घडतें.

दुसरी तपासणी अंतर्गत पत्त्याची. राउटर पत्ते देतो ते मुदतीच्या पट्ट्यानें. वीज जाऊन आली, आणि ५० च्या जागीं शेवटीं ५३ असलेला पत्ता कॅमेऱ्यास मिळाला, तर हुकूम जुन्याच पत्त्यावर जात राहतो. ‘कांहीं दिवस चाललें व मग बंद पडलें’ अशी तक्रार असल्यास हें कारण आधीं पाहावें. त्या यंत्राच्या मॅक क्रमांकासाठीं एक पत्ता राउटरमध्यें राखून ठेवणें, हा यावर उपाय होय.

तिसरी तपासणी हुकुमाची. बाहेरील पोर्ट, आंतील पोर्ट, अंतर्गत पत्ता आणि टीसीपी किंवा यूडीपी ही पद्धत, या चारहि गोष्टी यंत्राच्या पुस्तिकेशीं ताडून पाहाव्या. कित्येक डीव्हीआरना पानासाठीं एक व चित्रासाठीं दुसरें असे दोन पोर्ट लागतात. पान उघडतें पण चित्र येत नाहीं, त्याचें कारण बहुधा हेंच. बाहेरील पोर्ट ८० असल्यास तें बदलून पाहावें. कांहीं राउटर तें स्वतःच्या पानासाठीं वापरतात, व कांहीं इंटरनेट कंपन्या तें अडवूनच ठेवतात.

चौथी तपासणी सर्वांत महत्त्वाची. राउटरच्या पानावर ‘वॅन’ या सदराखालीं जो पत्ता असेल तो कागदावर लिहून घ्यावा. नंतर त्याच वायफायवरून आपला सार्वजनिक पत्ता दाखविणारें एखादें पान उघडावें. दोन्ही पत्ते एकच असतील तर ठीक. भिन्न असतील तर आपल्या राउटरपुढें आणखी एक दरवाजा आहे. पत्ता १९२.१६८ नें, १० नें किंवा १७२.१६ ते १७२.३१ या आंकड्यांनीं सुरू होत असल्यास, घरांतच कंपनीचा दुसरा राउटर आहे काय तें पाहावें. असल्यास त्यास ब्रिज पद्धतीवर ठेवावें, अगर तसाच हुकूम त्यांतहि लिहावा. घरांत दुसरा राउटर नसेल, किंवा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान असेल, तर तो दरवाजा कंपनीच्या ताब्यांत आहे. जुन्या पद्धतीचे पत्ते एकंदर सुमारें ४२९ कोटी. त्यांच्या जागतिक सांठ्यांतील शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्यें वांटले गेले. तेव्हांपासून एकाच पत्त्यावर अनेक गिऱ्हाइकांस बसविण्याची रीत वाढली. सिमकार्डावर चालणाऱ्या राउटरांत ही स्थिति फार आढळते. अशा वेळीं घरीं कितीहि पोर्ट उघडलीं तरी व्यर्थ. नवा राउटर घेणें तर पैसा पाण्यांत टाकणेंच होय. कंपनीकडे सार्वजनिक स्थिर पत्ता मागावा, अथवा कॅमेरा करणाऱ्याचीच सेवा वापरावी. त्या सेवेंत कॅमेरा स्वतः बाहेर मागणी करितो, म्हणून आंत येणाऱ्या वाटेची गरज पडत नाहीं.

पांचवी तपासणी परीक्षेच्या रीतीची. कित्येक राउटर घरांतूनच सार्वजनिक पत्त्यावर केलेली मागणी परत आंत वळवीत नाहींत. यास्तव परीक्षा करतांना मोबाइलचें वायफाय बंद करून सिमच्या इंटरनेटवरून पाहावें. ‘नाकारलें’ असें उत्तर तत्काळ आल्यास मागणी कोठल्या तरी यंत्रापर्यंत पोंचली, पण तेथें त्या पोर्टवर कोणी ऐकत नाहीं, असें बहुधा समजावें. बराच वेळ वाट पाहून कांहींच न आल्यास ती वाटेंतच गडप झाली. तसेंच सार्वजनिक पत्ता स्थिर नसेल तर तोहि मधून मधून बदलतो. त्याकरितां डायनॅमिक डीएनएस सेवेनें एक कायमचें नांव घ्यावें.

आतां एक इशारा. उघडलेलें पोर्ट केवळ मालकासाठीं उघडत नसून साऱ्या जगासाठीं उघडतें. २०१६ सालीं ‘मिराई’ नांवाच्या घातक प्रणालीनें, कारखान्यांतून आलेला परवलीचा शब्द न बदललेले कॅमेरे, डीव्हीआर व राउटर लाखोंनीं काबीज केले. आणि त्यांच्याच जोरावर त्या वर्षींच्या २१ ऑक्टोबरला डिन या कंपनीवर हल्ला होऊन अमेरिकेंतील मोठमोठीं संकेतस्थळें कांहीं तास बंद पडलीं. म्हणून पोर्ट उघडण्यापूर्वीं परवलीचा शब्द बदलावा व यंत्राची प्रणाली अद्ययावत् करावी. परीक्षेसाठीं ‘डीएमझेड’ लावून सारीं दारें मोकळीं सोडलीं असल्यास काम होतांच तें बंद करावें. ज्यांस सार्वजनिक पत्ता आहे त्यांनीं कॅमेऱ्याचें पोर्ट न उघडतां वायरगार्डसारखें व्हीपीएन राउटरवर लावणें अधिक बरें. मग मोबाइल दूर असूनहि घरांतल्यासारखाच वागतो, व अनोळखी माणसास आंत वाट राहत नाहीं.

सारांश, आधीं यंत्र, मग अंतर्गत पत्ता, मग हुकूम, मग वॅनचा पत्ता व शेवटीं बाहेरून परीक्षा, हा क्रम सोडूं नये. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व ती वहींत टिपून ठेवावी. वॅनचा पत्ता पाहण्यास एक पैहि लागत नाहीं. तो पाहिल्यावांचून नवीन यंत्राची खरेदी करूं नये.