बेगमी धरून हिशेब

गेल्या शिमग्याला माझा पुतण्या मुंबईहून आला होता. पालखी घरी येऊन गेली, जेवणं झाली आणि पडवीत सुपारी कातरत बसलो असताना त्यानं हळूच विचारलं, "काका, रत्नागिरीत अठ्ठावीस हजारांची नोकरी मिळत्येय. मुंबईत मला बेचाळीस आहेत. येऊ का?"

मी शाळेत गणित शिकवण्यात आयुष्य घालवलं. बेचाळीसातून अठ्ठावीस गेले की चौदा उरतात, हे त्याला माझ्याकडून ऐकायचं नव्हतं. माणसाला सुखानं जगायला किती मिळकत लागते, हा त्याचा खरा प्रश्न होता. तो आपल्या सगळ्यांचाच आहे, म्हणून आज त्याविषयी बोलायचं ठरवलं.

हा प्रश्न जाणकारांनीही सोडवून पाहिला आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला. रोज सव्वादोन हजार उष्मांकांचं अन्न मिळेल अशा जीवनमानाला किती खर्च येतो, ते त्यांनी पाहिलं. १९६०-६१ च्या भावानं खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस, असं उत्तर आलं. पुढं तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं २०११-१२ साठी हाच आकडा देशभराच्या सरासरीनं खेड्यात ८१६ आणि शहरात १००० रुपये निघाला. पण ही रेषा तग धरण्याची आहे. तिच्या जरा वर असलेला माणूस सुखी आहे, असं कुणीच म्हणणार नाही.

दुसरा हिशेब कामगारांच्या वेतनाचा. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेनं किमान वेतन कसं ठरवावं, ते सांगितलं. एका कमावत्यामागे तीन माणसांचं खाणं धरायचं, प्रौढाला २७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं आणि सरपण, दिवाबत्ती वगैरेंसाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात भर घातली. मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी वेतनाचा चौथा हिस्सा असला पाहिजे, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे आजच्या ताटाबरोबर उद्याची सोयही हिशेबात आली.

आपल्या कोकणात या उद्याच्या सोयीला जुना शब्द आहे, बेगमी. मे महिन्यात आई माळ्यावर तांदूळ, डाळी, मीठ, मिरच्या, सुकी मासळी, आमसुलं, लाकडं सगळं भरून ठेवायची. गोव्यात याला पुरुमेंत म्हणतात. पाऊस लागला की होड्या किनाऱ्याला, वाटा बंद, हाताला काम नाही. अशा चार महिन्यांत ज्याची बेगमी पुरी, तो सुखी. त्याची मिळकत किती, हे कुणी विचारत नसे.

आता माळ्याऐवजी बँकेचं पुस्तक आलं, पण पावसाळे तसेच आहेत. आंबेवाल्याचा पैसा दोन-अडीच महिन्यांत येतो. मासेमारीची बंदी जून-जुलैत असते. वर्षाला तीन लाख मिळवणारा बागायतदार आणि महिन्याला पंचवीस हजार घेणारा कारकून कागदावर सारखेच दिसतात. पण एका वर्षी मोहोर गळला, तर बागायतदाराला ते वर्ष मागच्या शिलकीवर काढावं लागतं. त्याची बेगमी कारकुनाहून मोठी हवी. २०२० मध्ये निसर्ग वादळानं दापोली-मंडणगडातल्या बागा आडव्या केल्या, २०२१ च्या जुलैत चिपळूणच्या बाजारपेठेत पुराचं पाणी शिरलं. चांगली मिळकत असलेल्यांच्याही दुकानातला माल तेव्हा एका रात्रीत चिखलात गेला.

आणखी एक उदाहरण सांगतो. गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ चा, गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा. वडील लवकर गेले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून महिना १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये ते गोपाळला शिक्षणासाठी पाठवीत. उरलेल्या सातांत घर. अर्ध्याहून जास्त मिळकत ज्यानं उद्यासाठी लावली, त्याचे दिवस सुखाचे गेले असतील असं मला वाटत नाही. पण घरातल्या एकाला स्वतःचं शिक्षण सोडावं न लागता हे साधेल एवढी मिळकत, असं मी 'पुरेशी'चं माप धरतो.

आता पुतण्याचा हिशेब. घरात तो, सूनबाई, शाळेत जाणारी मुलगी आणि गावी एकटी असलेली माझी वहिनी. आम्ही वही घेऊन बसलो. मुंबईत घरभाडं १२ हजार, खाणंपिणं १२, वीज-गॅस-फोन ३, शाळा ४, पास आणि रिक्षा अडीच, आईला ५, औषधं, कपडे आणि गावच्या फेऱ्या मिळून ३. बेरीज साडेएक्केचाळीस हजार. शिल्लक पाचशे.

इथं घर स्वतःचं, विहीर आहे, नारळ विकत आणावा लागत नाही. चौघांचं खाणंपिणं ११ हजार, वीज-गॅस-फोन ३, शाळा अडीच, स्कूटरचं पेट्रोल ३, औषधं २, कपडे, सण, पैपाहुणा अडीच. एकूण २४ हजार. शिल्लक चार हजार. देशाच्या पाहणीतही असंच काहीसं दिसतं. २०२३-२४ मध्ये माणशी सरासरी मासिक खर्च खेड्यात ४,१२२ आणि शहरात ६,९९६ रुपये होता. चौघांचे खेड्यात साडेसोळा हजार, शहरात अठ्ठावीस. हेच घर रत्नागिरी शहरात भाड्यानं राहिलं, तर चोवीसाचे सहज बत्तीस होतील आणि अठ्ठावीस हजार अपुरे पडतील.

पुतण्याचा चेहरा खुलला. मी म्हटलं, "थांब, बेगमी राहिली." इथली नोकरी सुटली तर दुसरी मिळायला मुंबईपेक्षा वेळ लागतो. मोठं दुखणं आलं तर कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठावी लागते. म्हणून सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे १ लाख ४४ हजार, बाजूला हवेत. महिना चार हजारांनी ते साठायला बरोबर तीन वर्षं लागतात, तीही मध्ये काही आलं नाही तर. शिवाय मुलगी कॉलेजात जाईल तेव्हा चार हजार पुरणार नाहीत. तोपर्यंत सूनबाईंनी शिवणकाम वाढवलं किंवा पगार वाढला, तरच जमेल.

तेव्हा माझं उत्तर असं. महिन्याचा खर्च भागून पाचवा-सहावा हिस्सा मागे पडतो आणि सहा महिन्यांची बेगमी गाठीला आहे, ती मिळकत सुखाला पुरते. आकडा मात्र ज्यानं त्यानं आपल्या वहीत काढायचा, कारण घर कुणाचं, विहीर आहे की नाही आणि पैसा दरमहा येतो की हंगामाला, हे त्यालाच ठाऊक.

पुतण्यानं अजून ठरवलेलं नाही. नोकरी कायम होणार का, ते तो विचारून घेतो आहे. गणपतीत पुन्हा वही घेऊन बसायचं आहे. या वेळी वहिनीलाही बसवणार आहोत, कारण तिच्या औषधांचा खरा खर्च तिनं आजवर आम्हाला सांगितलेला नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)