पडदा आणि मर्यादा

मर्यादा ही कल्पना सर्वच समाजांत आहे. पण तिची खूण प्रत्येकाची निराळी. वर्ध्याचेंच उदाहरण घ्या. विसाव्या शतकाच्या आरंभीं येथील मारवाडी घरची सून वडीलधाऱ्या पुरुषांसमोर घुंगट ओढी. शेजारची मराठी गृहिणी नऊवारी लुगडें नेसे, डोक्यावर पदर घेई; मुख मात्र उघडें असे.

मराठी माणसाला या मोकळेपणाचा अभिमान वाटे. परंतु त्याच मराठी समाजांत ब्राह्मणादि जातींतील विधवेचें केशवपन करून तिला तांबडें आलवण नेसविण्याची रूढी होती. पत्नी निवर्तलेल्या पुरुषास असें कोणतेंच चिन्ह धारण करावें लागत नसे. तो पुन्हा बोहल्यावर चढे. तेव्हां वस्त्र किती लांब, हा खरा प्रश्न नव्हे; नियम कोणासाठीं आणि कोणाच्या इच्छेनें, हा खरा प्रश्न होय.

१९१९ सालीं वर्ध्यांत जानकीदेवी बजाज यांनीं पडदा सोडला. बालवयांत विवाह होऊन एका धनिक, परंपरानिष्ठ घरांत आलेल्या सुनेनें असें करणें ही लहान गोष्ट नव्हती. पति जमनालालजी सुधारणेच्या बाजूचे होते, हें त्यांचें भाग्य. पुढें त्या सभांतून बोलूं लागल्या, खादीचा प्रचार करूं लागल्या. १९२८ सालीं वर्ध्याचें लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांस खुलें झालें, त्या कार्यांतही त्यांचा भाग होता. डोक्यावरचा पदर मात्र त्यांनीं पुढेंही ठेविला. घुंगट टाकणें आणि पदर ठेवणें यांत विसंगति नाहीं. दोन्ही गोष्टी स्वेच्छेच्या होत्या.

स्वेच्छा नसेल तर पडदा काढणेंही जाचक ठरतें. १९३६ सालीं इराणच्या रझाशहानें स्त्रियांचा बुरखा हुकमानें उतरविला. तेव्हां कित्येक स्त्रिया घराबाहेर पडेनाशा झाल्या. १९७९ च्या क्रांतीनंतर त्याच देशांत डोकें झाकणें कायद्यानें सक्तीचें झालें. हुकूम उलटला, हुकूम करणारे पुरुषच राहिले.

म्हणून दुसऱ्या धर्माच्या वेषास नांवें ठेवण्यापूर्वीं आपल्या घरांत पाहावें. येथील दंडक पुरुषासही लागू आहे काय? तो मोडल्यास स्त्रीला मान, शिक्षण किंवा आसरा गमवावा लागतो काय? हीं उत्तरें तिच्याच तोंडून ऐकावीं. तीं तिच्या वतीनें दुसऱ्यानें देऊं नयेत.