गर्भातून बाहेर न आलेले मुलगे

दिवाळीनंतर दिघोरीच्या परिसरात गावोगाव मंडई भरते आणि मग झाडीपट्टीचे नाटक पहाटेपर्यंत रंगते. त्या नाटकातली आई सोसणारी, पदराने डोळे टिपणारी असते. आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला (१९५३) राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, तेव्हापासून तर मराठी पडद्यावर आईला बोल लावणे जवळजवळ पापच ठरले. आईची भीती वाटावी ही कल्पनाच आपल्याला परकी.

हिचकॉकने 'सायको'त (१९६०) ती भीती उघडी केली. नॉर्मन बेट्स हा आईवेडा, संकोची तरुण. तिच्या आयुष्यात दुसरा पुरुष आला, तर याने दोघांनाही विष घातले. आणि मग तिच्यावाचून राहवेना म्हणून तिचे प्रेत घरात जपले. तिच्याच आवाजात तो स्वतःला रागावतो. शेवटी त्याच्या देहात उरते ती आईच. चित्रपट पाहताना आपण सुऱ्याला घाबरतो. घरी आल्यावर भय वाटते ते त्या आज्ञाधारक मुलाचे.

आपल्याकडचे उदाहरण भंडाऱ्याच्या अगदी जवळचे आहे. राही अनिल बर्वे यांना नारायण धारपांची कथा एका मित्राने १९९३ साली ऐकवली ती नागझिऱ्याच्या जंगलात. गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. म्हणजे तेव्हा ते सारे जंगल भंडारा जिल्ह्यातच होते. त्यातून पुढे 'तुंबाड' (२०१८) उभा राहिला. आपण मात्र त्यातले सोने आणि पाऊसच जास्त आठवतो!

वास्तविक त्याचे मूळ आई-मुलाच्या नात्यात आहे. हस्तर हा देवीचा पहिला आणि सर्वांत लाडका मुलगा. त्याने सोने लुबाडले, धान्यावरही हात टाकला. इतर देव त्याच्यावर तुटून पडले, तेव्हा आईने त्याला वाचवले आणि पुन्हा आपल्या गर्भात घेतले. शिक्षा नाही, जाब नाही. म्हणूनच तो कधी मोठा झाला नाही. त्याची भूक तेवढी उरली. थोरल्याच्या चोऱ्या झाकणारी आई कोणत्या गावात नसते?

विनायकाची आई याहून गुंतागुंतीची. एका सोन्याच्या नाण्यासाठी ती वर्षानुवर्षे म्हाताऱ्या सरकारची सेवा करते आणि मुलगा ते पाहत वाढतो. धाकटा सदाशिव मरतो, तेव्हा ती विनायकाला घेऊन पुण्याची वाट धरते आणि तुंबाडला कधी परतणार नाही असे त्याच्याकडून वचन घेते. पण वचन शब्दांचे होते, शिकवण डोळ्यांची. पंधरा वर्षांनी तो परततो आणि पुढे आपल्या पांडुरंगालाही त्याच गर्भात उतरवतो.

शेवटी शापित बाप सोन्याची पोटली पुढे करतो. पांडुरंग ती घेत नाही. लहानपणी बापाने आजीला झोपवले होते, त्याच हस्तरच्या नावाने तो बापाला झोपवतो आणि पेटवून देतो.