*दुधीला भाव नाही म्हणून वेलीवर जून करू नका: घरी वापर, वाळवण आणि कडू दुधीचा धोका*



परवा वडप्याजवळ एका सभासद काकांच्या मांडवाखाली गेलो होतो. वर हाताएवढे जाड, पांढरट पडलेले दुधी लटकलेले. मी विचारलं, "काका, तोडले का नाहीत?" काका म्हणाले, "भाव नाय, तोडून करू काय? मजुरीपण निघत नाय."

काकांचं म्हणणं खोटं नाही. पण न तोडण्यात दुप्पट नुकसान आहे. आज त्याबद्दल.

*1) भाव नसला तरी तोडायचं का?*

हो. फळात बी भरायला लागली की वेल सगळी ताकद तिकडे लावते. नवीन मादी फुलं कमी येतात, आलेली कळी पिवळी पडून गळते. म्हणजे आज भाव नाही म्हणून फळ ठेवलं, तर पंधरा दिवसांनी भाव आला तेव्हा वेलीवर माल नसतो.

फळ धरल्यापासून साधारण 12 ते 15 दिवसांत तोडा. नख सहज रुतलं, साल हिरवी आणि लवदार असली की कोवळा. नख रुतत नसेल तर जून. बोटभर देठ ठेवून कात्रीने कापा, ओढू नका. माल सावलीत पेंढ्यावर ठेवा. घरच्या फ्रीजमध्ये जास्त दिवस ठेवला तर थंडीने सालीवर डाग पडून कुजतो.

*2) गाडी भरण्याआधी हिशोब करा*

समजा 20 किलोचा क्रेट आणि भाव 5 रुपये किलो. हातात 100 रुपये. त्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई आणि तोडणीची मजुरी वजा करा. काहीच उरत नसेल तर फक्त एकसारखा, कोवळा माल मार्केटला पाठवा. मध्यम माल नाशिक हायवेवरचे ढाबे आणि गोदामांची कँटीनं यांना थेट विचारून बघा. वाकडा आणि जुनाट घरी ठेवा.

*3) घरी काय करायचं?*

दुधीत 100 भागांत 90 हून जास्त भाग पाणीच असतं. म्हणून तो टिकत नाही आणि म्हणूनच आटवला की कमी होतो. एकदा हे लक्षात आलं की ढीग संपवायला सोपं जातं.

✅ *भाजी:* चणाडाळ घालून आपण नेहमी करतोच. सुकट घालून केली तर घरातली पोरंही "दुधी नको" म्हणत नाहीत. सुकट आधी कोरडी भाजून, धुऊन मग टाका. दुधीला स्वतःचं पाणी सुटतं, वरून पाणी घालू नका.

✅ *थालीपीठ:* किसलेला दुधी 2 वाट्या, तांदळाचं पीठ 2 वाट्या, बेसन अर्धी वाटी, मिरची, लसूण, कोथिंबीर, मीठ. किसाला सुटलेल्या पाण्यातच पीठ मळा, कमी पडलं तरच पाणी घ्या.

✅ *हलवा:* 1 किलो कीस पिळून 2 मोठे चमचे तुपात परता, अर्धा लिटर दूध घालून आटवा. दूध आटल्यावरच 200 ग्रॅम साखर घाला, आधी घातली तर परत पाणी सुटतं. शेवटी वेलची. लग्नसराईत मोठा ढीग एका दिवसात संपतो. पण दुधाचा पदार्थ आहे, उन्हाळ्यात बाहेर ठेवू नका.

✅ *सालीची चटणी:* कोवळ्या दुधीची साल तेलावर कुरकुरीत परता. भाजलेले तीळ, शेंगदाणे, लसूण, सुकी मिरची, मीठ घालून कुटा.

*4) जून दुधीचे सांडगे*

कोहळ्याचे सांडगे आपल्याकडे पूर्वीपासून होतात. त्याच पद्धतीने दुधीचे होतात. जून दुधीची साल आणि बिया काढून टाका. 1 किलो कीस घट्ट पिळा. पाव किलो उडीदडाळ रात्रभर भिजवून, कमी पाण्यात वाटून त्यात मिसळा. मिरची, जिरं, हिंग, मीठ घाला. स्वच्छ कापडावर छोटे छोटे सांडगे घाला.

आत्ताच्या कडक उन्हात तीन-चार दिवस लागतात. संध्याकाळी आत घ्या, दवात ठेवू नका. मोडल्यावर कट्कन आवाज आला पाहिजे. मधे मऊ लागला तर बुरशी येणार. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले की पावसाळ्यात भाजी महाग होते तेव्हा तळायला नाहीतर आमटीत टाकायला उपयोगी. बचत गटाच्या ताईंना विकायचे असतील तर आधी एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या, त्यासाठी ऑफिसला या, फॉर्म भरायला मदत करू.

*5) सगळ्यात महत्त्वाचं: कडू दुधी* ⚠️

दुधी कापल्यावर छोटा तुकडा जिभेला लावून बघा आणि थुंका. *कडू लागला तर पूर्ण दुधी फेकून द्या.* प्रत्येक फळ वेगळं तपासा. एका वेलीवर एक गोड निघाला म्हणजे सगळे गोड असं नाही.

कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या विषारी द्रव्यामुळे येतो. शिजवून, तळून ते जात नाही. कारल्याला मीठ लावून पिळतो तसं इथे चालत नाही. कारल्याचा कडूपणा वेगळा आहे. साखर, लिंबू घालून चव झाकली जाते, विष तसंच राहतं.

सगळ्यात जास्त धोका कच्च्या रसाचा. 2018 साली पुण्यात कडू रस प्यायल्यानंतर एका महिलेचा मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञांनीही कडू दुधीचा रस पिऊ नका असं सांगितलं आहे. खाल्ल्यावर उलटी, पोटदुखी, जुलाब, चक्कर आली किंवा उलटीत रक्त दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. लगेच दवाखाना गाठा आणि "कडू दुधी खाल्ला" असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

कडकडीत ऊन आणि पाण्याचा ताण बसला की कडूपणा वाढू शकतो. म्हणून भाव नसला तरी पाणी तोडू नका, बुडाला पेंढ्याचं आच्छादन करा. कडू फळाच्या वेलीचं बी धरू नका, ती वेल उपटून टाका. हायब्रीडचं बी तर तसंही धरायचं नाही.

*6) जनावरांना*

गोड जून दुधी बारीक तुकडे करून, पेंढ्यात मिसळून थोडा थोडा द्या. मोठा तुकडा घशात अडकतो. एकदम पाटीभर टाकलात तर पातळ शेण होतं. कडू दुधी जनावरांनाही नको.

थोडक्यात: *तोडा, चाखा, मग वाटणी करा.* कोवळा मार्केटला, मध्यम घरात, जून उन्हात.

काकांनी दुसऱ्या दिवशी जून माल उतरवला. चाखल्यावर त्यात दोन कडू निघाले. चाखले नसते तर तेच दोन घरच्या भाजीत गेले असते.

तुमच्या मांडवावर जून माल किती आहे ते फोटोसकट याच नंबरवर पाठवा. चार-पाच जणांचा जमला तर सांडग्यासाठी एकत्र बसता येईल. हा मेसेज घरच्या ताई-काकूंनाही वाचून दाखवा.

आपला,
कृषी सल्लागार
वडपे, ता. भिवंडी