माणूस तोच, रकाना वेगळा

2023च्या दिवाळीच्या आसपास धाराशिव जिल्ह्यात मोडी वाचता येणाऱ्या म्हाताऱ्यांना एकाएकी भाव आला. मराठा कुटुंबांच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षातले रुमाल सुटू लागले होते. आत जन्ममृत्यूच्या नोंदी, खासरापत्रकं, पाहणीपत्रकं. काही मोडीत, काही निजामाच्या कारभाराच्या उर्दूत. शोध एकाच शब्दाचा होता : कुणबी. कुठे तो पूर्ण लिहिलेला, कुठे नुसतं ‘कु’. त्या एका अक्षरावर नातवाचा दाखला अवलंबून. पुढे सप्टेंबर 2025मध्ये सरकारनं हैदराबाद गॅझेटियरचा आधार धरून मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी आदेश काढला आणि शंभर वर्षांपूर्वीची खानेसुमारी चहाच्या टपरीवरचा विषय झाली.

पण कुणबी-मराठा हा एकच धागा झाला. धाराशिवचा माणूस कुणाकुणापासून बनला, हे बघायचं तर आधी तेरला जावं लागतं.

तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठं शहर सांगितलं आहे. इथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई. ते तगर म्हणजे हेच तेर, असं जे. एफ. फ्लीट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. गंमत अशी, की कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत. राज्य समुद्रकाठी आणि अभिमान तेरणेकाठचा! पुण्याला जाऊन तीस वर्षं झाली तरी ‘आम्ही मूळचे धाराशिवचे’ म्हणणारी मंडळी याच परंपरेतली.

गावातलं त्रिविक्रमाचं देऊळ पाठीमागून पाहावं. विटांची भिंत चैत्यगृहासारखी अर्धगोल वळते आणि आत विष्णू उभा. याच गावचे संत गोरोबाकाका. धाराशिवजवळच्या लेण्यांचं आणि तेरचं वर्णन ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश जैन काव्यात आहे. आणि तेरच्या मातीतून निघालेल्या मूर्ती, मणी, नाणी ज्यांनी जमवली, ते रामलिंगप्पा लामतुरे. सरकारी वस्तुसंग्रहालयाला त्यांचंच नाव आहे. त्या नावातला ‘प्पा’ बघा. कन्नडची खूण आहे ती. उमरग्याच्या पलीकडे बसवकल्याण, म्हणजे बाराव्या शतकातलं बसवेश्वरांचं कल्याण. उमरगा, मुरूमकडच्या कैक लिंगायत घरांत आजही दारात मराठी आणि चुलीपाशी कन्नड चालते.

परंड्याच्या किल्ल्यात तर जगच गोळा झालं होतं. 1600 साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर मलिक अंबरानं निजामशाहीची गादी परंड्याला थाटली. अंबर जन्मानं हबशी, गुलाम म्हणून विकला जात जात इथवर आलेला. याच किल्ल्यावर ‘मुलूख-ए-मैदान’ तोफ होती. 1632 साली ती विजापूरला गेली. 1549 साली ती ओतणाऱ्या कारागिराचं नाव मुहम्मद बिन हसन रूमी. रूमी म्हणजे तुर्कस्तानाकडचा. आफ्रिकेचा वजीर, तुर्काची तोफ आणि शिबंदीला आसपासच्या गावांतली माणसं. याला ‘परकीय आक्रमण’ या एका शब्दात बसवणारे लोक परंड्याला एकदा तरी गेलेत का, अशी मला शंका आहे.

तुळजापूरबद्दल वेगळं काय सांगायचं? दसऱ्याला देवी सीमोल्लंघन करते ती पालखी बुऱ्हाणनगरहून येते आणि तिचा मान तेल्यांचा. नवरात्रात नळदुर्गच्या रस्त्यानं अनवाणी येणाऱ्यांत कर्नाटक-तेलंगणातले किती, हे घोळक्यातल्या बोलीवरून लगेच कळतं.

रकान्याचा खरा खेळ बघायचा तर तांड्यावर जावं. बंजारे मोगली फौजांना बैलांच्या पाठीवरून धान्य पुरवत दख्खनेत उतरले. रेल्वेनं तो धंदा मोडला आणि हे बंजारे, म्हणजेच लमाण, नळदुर्ग, उमरग्याच्या माळांवर स्थिरावले. बोली गोरमाटी, तिचं नातं राजस्थानीशी. 1956पर्यंत उमरगा, कलबुर्गी आणि जहीराबाद आधी एकाच हैदराबाद संस्थानातले, पुढे हैदराबाद राज्यातले. भाषावार प्रांतरचना झाली आणि सोयरे तीन राज्यांत वाटले गेले. आज नळदुर्गचा बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जातीत, त्याचा कलबुर्गीचा मावसभाऊ कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि जहीराबादचा मेहुणा तेलंगणात अनुसूचित जमातीत. लग्नाच्या पंगतीला तिघं एका ओळीत बसतात. 2025मध्ये हैदराबाद गॅझेटियरचा आदेश निघताच अनुसूचित जमातीत घ्या म्हणून बंजाऱ्यांचे मोर्चे का निघाले, हे यावरून समजावं.

एक पान मात्र उलटताना हात जड होतो. 13 सप्टेंबर 1948ला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गला घुसली आणि पाच दिवसांत हैदराबादच्या निजामाची राजवट संपली. त्याआधी निजामाच्या बाजूच्या रझाकार टोळ्यांनी गावं लुटली, जाळली. कैक कुटुंबं बार्शी-सोलापूरला पळाली. त्यानंतर सूड उगवला गेला तो बहुतेक निरपराध मुसलमानांवर. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं संस्थानभरात 27 ते 40 हजार बळींचा अंदाज दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं, म्हणजे आजच्या धाराशिवचं, नाव घातलं. 17 सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनात पहिली गोष्ट सांगितली जाते, दुसरी नाही. दोन्ही आपल्याच जिल्ह्यात घडल्या.

माणसं आणि रकाने यांचा असाच खेळ दूर देशीही झाला. युरोपच्या उत्तरेला, बाल्टिक समुद्राकाठी एस्टोनिया नावाचा चिमुकला देश आहे. 1934च्या गणनेत तिथं एस्टोनियन 88 टक्के होते, 1989मध्ये 61 टक्क्यांच्या आसपास. मधल्या काळात हिटलरनं तिथले जर्मन परत बोलावले, स्टालिननं हजारोंना सायबेरियात धाडलं आणि कारखान्यांसाठी रशियन कामगार आणून वसवले. सोव्हिएत फॉर्मात राष्ट्रीयत्वाचा ‘पाचवा रकाना’ होता. त्यात काय लिहिलंय यावर नोकरी नि कॉलेज ठरे. तिथं सरकारनं माणसं हलवली. आपल्याकडे 1948चा तो काळ सोडला तर माणसं बहुतेक जागेवर राहिली, हलल्या त्या सीमा. 1853मध्ये नळदुर्ग जिल्हा इंग्रजांकडे गेला, 1860मध्ये निजामाकडे परतला. 1956मध्ये बीदरचे उदगीर, निलंगा, अहमदपूर आपल्यात आले, 1982मध्ये लातूरबरोबर बाहेर पडले. 2023मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. शेताच्या बांधावरचा माणूस तोच.

2011च्या जनगणनेत जिल्ह्यात सुमारे साडेसोळा लाख लोक मोजले गेले. पुढच्या गणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे आणि 1931नंतर प्रथमच त्यात सगळ्यांची जात विचारली जाणार आहे. प्रगणक दाराशी येण्याआधी घरातल्या थोरल्या माणसाला मूळ गाव, जुना धंदा, आजीची बोली विचारून ठेवा. मातृभाषेचा रकानाही तिथं असतोच. तो घाईघाईत ‘मराठी’ म्हणून भरू देऊ नका; चुलीपाशी गोरमाटी, कन्नड किंवा दखनी बोलत असाल, तर तीच सांगा.