बारा वादकांची सिंफनी

व्हायोलिनवाल्याची निम्मी विद्या डाव्या हातात असते. पट्टीवर बोट नेमकं कुठं पडावं, सूर किती हलवावा, एका सुरावरून दुसऱ्यावर कसं घसरत जावं, हे कमावण्यात वर्षं जातात. डच संगीतकार लुई आंद्रीसन यांनी 1978 साली एक सिंफनी लिहिली आणि ही सगळी विद्या बाजूला ठेवायला लावली. बारा तंतुवादकांनी फक्त मोकळ्या तारांवर गज फिरवायचा.

व्हायोलिनच्या चार तारा एरवी पंचमाच्या अंतरानं मिळवतात. तेवढ्या सुरांवर सिंफनी उभी राहणं कठीण. म्हणून आंद्रीसन यांनी वाद्यं वेगवेगळी लावायला सांगितली. कुणाची तार उतरवायची, कुणाची चढवायची. प्रत्येकाच्या चार तारा धरल्या तर एकूण 48, पण एकेका वादकाच्या वाट्याला चारच सूर. त्यामुळे साधी सुरावटही कुणाला एकट्यानं पुरी करता येत नाही. एक सूर याच्याकडून आला, की पुढचा त्याच्याकडून, तोही अचूक वेळेवर. युरोपात मध्ययुगापासून चालत आलेली ही ‘हॉकेट’ची रीत आंद्रीसन यांना फार प्रिय होती. ‘होकेटुस’ नावाची त्यांची 1976 ची रचना पूर्णपणे तिच्यावरच बेतलेली आहे.

बोटाखाली दबलेली नसल्यानं मोकळी तार घुमत राहते. तंबोऱ्याला सरावलेल्या कानाला तो घुमारा ओळखीचा वाटेल. फक्त इथं त्याच्या आधारानं गाणारं कुणी नाही, घुमाऱ्यातूनच सुरावट विणायची आहे. वाजवायला हे अजिबात सोपं नाही. उतरवलेली तार ढिली पडते, गजाचा दाब जरा वाढला की सूर चढतो. नव्यानं ताणलेली तार तर जागेवर ठरेपर्यंत पुनःपुन्हा उतरते.

आंद्रीसन यांचे वडील हेन्ड्रिक हेही नावाजलेले संगीतकार, त्यांनीही सिंफन्या लिहिल्या. मुलाचं मात्र रूढ वाद्यवृंदाशी बिनसलं. 17 नोव्हेंबर 1969 रोजी अॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउ सभागृहात त्यांनी आणि मित्रांनी खुळखुळे वाजवून मैफल रोखली. नव्या संगीताला तिथं जागा नाही, ही त्यांची तक्रार होती. पुढं कितीतरी वर्षं ते त्या साच्यातल्या वाद्यवृंदापासून लांब राहिले, स्वतःच्या विचाराचे संच उभारले.

वाद्यवृंदात कुणी बडा, कुणी छोटा नसावा, हा त्यांचा आग्रह मला त्यांच्या कुठल्याही राजकीय विधानापेक्षा या रचनेत जास्त पटतो. इथं बारांपैकी एक जण चुकला, तर त्याचा सूर सावरायला दुसऱ्याकडे ती तारच नसते.