रात्रीचा दिवा आणि सापाचा डोळा

उन्हाळ्याची रात्र. लातूरजवळच्या शिवारात उसाला पाणी सोडलेले आहे. शेतीपंपाच्या विजेची पाळी रात्रीची. त्यामुळे शेतकऱ्याला अंधारातच दारे धरावी लागतात. हातात बॅटरी घेऊन तो बांधावरून चालला आहे. त्याच बांधावर उंदरांच्या मागावर एक घोणसही निघालेली असते. तिचा रंग मातकट. अंगावर साखळीच्या कड्यांसारखे गर्द ठिपके. वाळल्या पाचोळ्यात ती पडून राहिली, तर मंद उजेडात मुळीच ओळखू येत नाही. मांजराचे डोळे अंधारात चमकतात, तसे सापाचे चमकत नाहीत. म्हणून डोळ्यांच्या चमकेवर भरवसा ठेवणे धोक्याचे. पायवाटेवर उजेड हवा तो पांढरा आणि प्रखर; आणि तो दूरच्या झाडावर नव्हे, तर पुढच्या चार पावलांवर पडावयास हवा.

परंतु हाच उजेड सापाला कसा वाटत असेल? सापाला पापण्या नसतात. त्याच्या डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कात टाकताना तोही कातीबरोबर निघून येतो. पापण्याच नाहीत, तेव्हा डोळे मिटून उजेड चुकविणे त्याला शक्य नाही. तो बिळात शिरतो किंवा वेटोळ्यात डोके लपवितो.

काही देशांत लोक हौसेने साप पाळतात. काचेच्या पेटीतील साप रात्री पाहता यावा, म्हणून ते तांबडा दिवा लावतात. तांबडा प्रकाश सापाला दिसतच नाही, अशी त्यांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. सापाच्या डोळ्यात मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात, तशाच भर उजेडात पाहणाऱ्याही असतात; या दुसऱ्या पेशींपैकी काहींना तांबडा प्रकाशही जाणवतो. तो त्याला पांढऱ्याइतका बोचत नसेल, पण तो काही काळोख नव्हे. म्हणून जाणते लोक तो मंद ठेवतात, थोडाच वेळ लावतात आणि पाहून झाले की मालवितात. पेटीला ऊब हवी असेल, तर ती उजेड न देणाऱ्या साधनाने देतात. रात्र ही सापाला रात्रच वाटली पाहिजे.

आपल्या देशात मात्र रानातला साप घरी पाळता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मनाई आहे. तरी साप घरी येतो, आणि त्याला बोलावणारा पुष्कळदा दारावरचा दिवाच असतो! दिव्यावर किडे जमतात, किड्यांसाठी पाली येतात आणि पालींसाठी कवड्या साप भिंतीवर चढतो. कवड्या बिनविषारी आहे. पण त्याच्यासारखीच दिसणारी मण्यार अत्यंत विषारी असते, आणि तीही रात्रीच हिंडते. कवड्याचे पांढरट पट्टे मानेपासून ठळक असून शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे बारीक पट्टे, पुष्कळदा जोडीजोडीने, मानेपासून काही अंतरावर सुरू होतात आणि शेपटीकडे स्पष्ट दिसतात. तांबड्या उजेडात हा भेद कळावयाचा नाही. त्याला स्वच्छ पांढराच प्रकाश हवा, आणि तोही दुरून टाकलेला. ओळख पटली नाही, तर मण्यारच समजावे आणि जाणत्या सर्पमित्राला किंवा वनविभागाला कळवावे. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो कळतसुद्धा नाही. संशय आला, तरी उजाडण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते. विषावरील लस तेथेच मिळते.

दारावरच्या दिव्याचीही निवड करता येते. पांढऱ्या-निळसर दिव्यापेक्षा पिवळ्या दिव्याकडे किडे कमी येतात. तोही दारावर न लावता अंगणाच्या कडेला लावला, तर किडे तिकडे, पाली तिकडे आणि कवड्याही तिकडेच जातो. उंबऱ्यापाशी पाऊल टाकताना हातात बॅटरी असली, म्हणजे झाले.